एकालाच वाचवायचं असेल तर?

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे, तेव्हा मधलं गाळलंत तरी शेवटचा भाग वाचाच.

गेल्या वर्षी जून-जुलैमध्ये मी मुलाकडे अमेरिकेत होते. शिकागोच्या नैऋत्येला, बोलिंगब्रुक नावाच्या उपनगरात. नातू दहा वर्षांचा. सुट्टीत तिथल्या लायब्ररीत मुलांचं शिबिर असतं, तिथून तो एक कागद घेऊन आला. दोन संकटग्रस्त प्राणी निवडायचे, एक तुम्ही राहता त्या भागातला आणि एक तुमचं कुटुंब जिथून आलं त्या देशातला. मग दोघांची तुलना करायची. रकाने आखलेलेच होते : आकार, आयुष्य, पिल्लं, घर, शत्रू, कोणी काय केलं. आणि सगळ्यात खाली एक प्रश्न : एकालाच वाचवण्यापुरते पैसे असतील, तर कोणाला वाचवाल? कारण द्या.

तिथला प्राणी शिबिरातल्या बाईंनीच सुचवला होता : हाइन्स एमराल्ड नावाचा चतुर. भारतातला म्हणून त्यानं अर्थातच वाघ लिहिला होता.

मी म्हटलं, "वाघ सगळेच करतील रे. तू वाघूळ कर."

"ईऽऽ, आजी!"

एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला असा "ईऽऽ" ऐकला की बरंच वाटतं. समजायचं, तास रंगणार. पुढचा आठवडाभर आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर तो तक्ता भरत होतो. आणि तेव्हापासून तो तक्ता माझ्या डोक्यातून गेलेला नाही. का ते पुढे येईलच.

पहिला रकाना : दिसतो कसा?

हा चतुर साधारण अडीच इंच लांब. डोळे पाचूसारखे हिरवेगार, अंगावर धातूची हिरवी चमक आणि बाजूला दोन पिवळसर पट्टे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर माळावर दिसणाऱ्या चतुरांचाच भाऊबंद, पण हा फार थोड्या ठिकाणी उरलेला. ओहायो राज्यात १९२९च्या सुमारास पहिल्यांदा पकडला गेला. जेम्स हाइन या कीटकतज्ज्ञाचं नाव त्याला मिळालं.

आमचं वाघूळ म्हणजे सलीम अलींच्या नावाचं फळं खाणारं वाघूळ, शास्त्रीय नाव लॅटिडेन्स सलीमअली. डोक्यापासून बुडापर्यंत चारेक इंच. तपकिरी अंग, आणि शेपूट नाही. हे "शेपूट नाही" लक्षात ठेवा, त्यावरून पुढे मोठी गोष्ट आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या डोंगरांत, तमिळनाडू आणि केरळमध्येच ते सापडतं. महाराष्ट्रात नाही. "आमच्या मळ्यात बघितलंय" असं कोणी कमेंटमध्ये लिहिणार असेल, तर ते दुसरं असणार.

नातवानं दोघांची चित्रं काढली. चतुर फार सुंदर आला. वाघळाचा बॅटमॅन झाला.

दुसरा रकाना : आयुष्य आणि पिल्लं

इथे आम्ही दोन दिवस अडकलो.

चतुराची मादी पाण्यात पोटाचं टोक बुडवत बुडवत पाचशेच्या वर अंडी घालते. अंड्यातून जे पिल्लू निघतं त्याला पंख नसतात. ते पाण्याखालच्या चिखलात राहतं, दुसरे बारीकसारीक जीव खातं, कात टाकतं. असं एक-दोन महिने नाही, कित्येक वर्षं, चार-पाचसुद्धा. मग एका उन्हाळ्यात गवताच्या पात्यावर चढतं, पाठ उलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर येतो. त्यानंतर त्याच्या हातात उरतात चार ते सहा आठवडे.

म्हणजे आपण ज्याला "चतुर" म्हणतो, तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा. बाकी सगळं आयुष्य पाण्याखाली, कोणाला न दिसता.

वाघळाचं उलटं. फळं खाणाऱ्या वाघळांना एका वेळी साधारण एकच पिल्लू होतं. आई त्याला पोटाशी धरून उडते, दूध पाजते. पण ही मंडळी आकाराच्या मानानं पुष्कळ वर्षं जगतात. उंदराएवढा प्राणी, पण उंदरासारखा भराभर वाढत नाही.

मी नातवाला सांगितलं, चतुराच्या पाचशे पिल्लांतली चारशे नव्वद गेली तरी त्याचं घराणं चालतं, पण ओहोळ आटला तर सगळंच संपलं. चार-पाच वर्षांची सगळी बॅच एकदम. वाघळाचं तसं नाही. त्याची मोठी झालेली माणसंच जपावी लागतात. गुहेत एका रात्री कोणी जाळं लावून पन्नास माद्या मारल्या, तर ती भर पडायला कितीतरी वर्षं जातील.

नातू म्हणाला, "म्हणजे चतुराचं घर वाचवायचं आणि वाघळाची आई."

मी तेच वाक्य रकान्यात लिहायला लावलं.

तिसरा रकाना : घर

चतुराचं घर बघायला सून आम्हाला एका रविवारी वॉटरफॉल ग्लेन नावाच्या राखीव जंगलात घेऊन गेली. नाव ऐकून मी मोठ्या धबधब्याची तयारी करून गेले होते. धबधबा म्हणजे आपल्याकडची लहान मुलं ज्यात उड्या मारतात तेवढा. पण त्या सगळ्या परिसराची गंमत जमिनीखाली आहे. चुनखडीसारखा डोलोमाइट नावाचा दगड तिथे वरच्यावर आहे. त्याच्या भेगांतून थंडगार भूजल पाझरतं आणि गवताळ दलदलीतून अगदी पातळ ओहोळ होऊन वाहतं. घोटाही बुडणार नाही इतकं पाणी. हा चतुर अंडी घालतो ती अशा पाण्यात. तळ्यात नाही, नदीत नाही, फक्त अशा पाझराच्या पाण्यात.

आणि हे ओहोळ उन्हाळ्यात आटतात! मग पाण्यातलं पिल्लू चार-पाच वर्षं तगतं कसं? तर तिथे क्रेफिश असतो, गोड्या पाण्यातला, झिंगा आणि खेकडा यांच्या मधला वाटावा असा प्राणी. तो जमिनीत पाणी लागेपर्यंत बीळ खणतो. ओहोळ आटला की चतुराची पिल्लं त्याच्या बिळात शिरतात आणि तळाच्या पाण्यात दिवस काढतात. थंडीत वरचं पाणी गोठतं तेव्हाही तिथेच. मजा अशी की हा क्रेफिश या पिल्लांना खातोसुद्धा. खाणाराच घरमालक. तरी शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा हिशेब क्रेफिशच्या बाजूनं निघाला. तो असला तर काही पिल्लं त्याच्या पोटात जातात, तो नसला तर कोरड्यात सगळीच जातात.

तीन तास फिरलो. हाइन्स एमराल्ड काही दिसला नाही. नातू हिरमुसला. मी म्हटलं, आपण उभे आहोत तिथेच खाली असेल, चिखलात. त्यावर त्यानं पाय असे काही उचलले की हसू आवरेना.

वाघळाचं घर आम्ही नकाशावरच बघितलं. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात मेघमलै नावाचे डोंगर आहेत, इंग्रजांच्या काळातलं नाव हाय वेव्ही माउंटन्स. आणखी दक्षिणेला कळक्काड-मुंडंतुरैचं जंगल. हे वाघूळ दिवसा गुहेत राहतं आणि रात्री सदाहरित जंगलात फळं शोधत फिरतं. उंबर-वडाच्या जातीची, रुद्राक्षाच्या जातीची फळं. बिया दुसरीकडे नेऊन टाकतं. म्हणजे त्याला दोन घरं लागतात, झोपायला गुहा आणि जेवायला जंगल. त्या डोंगरांत कॉफी-वेलचीचे मळे वाढले तसं जेवणघर कमी झालं. आणि काही ठिकाणी लोक खाण्यासाठी, औषध म्हणून वाघळं मारतात, त्यामुळे झोपायची जागाही सुखाची राहिली नाही.

चौथा रकाना आम्हीच वाढवला : सापडले कसे?

हा रकाना छापील कागदात नव्हता. पण वाघळाची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि नातू म्हणाला, याला वेगळी जागा पाहिजे.

१९४८ साली अँगस हटन नावाच्या निसर्गवेड्या मळेवाल्यानं त्या हाय वेव्ही डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यात एक वाघूळ पकडलं. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात मुंबईला आलं. त्याला चिठ्ठी लागली ती एका अगदी साध्या जातीची : आखूड नाकाचं फळं खाणारं वाघूळ. ते भारतभर असतं. तुमच्या केळीच्या बागेतही असेल. एकदा चिठ्ठी लागली की विषय संपला. खण बंद.

वीस-बावीस वर्षं ते तसंच पडून होतं. मग कित्ती थोंगलोंग्या नावाचे थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ सोसायटीचा संग्रह तपासत होते. त्यांनी ते हातात घेतलं, आणि चिठ्ठी वाचून पुन्हा ठेवून दिलं नाही. दात मोजले. आखूड नाकाच्या वाघळाला खालच्या जबड्यात पुढच्या दातांच्या दोन जोड्या असतात, इथे एकच. त्याला छोटीशी शेपटी असते, इथे नाही. हे नुसतं वेगळ्या जातीचं नव्हतं, वेगळ्याच घराण्यातलं होतं. आणि त्या घराण्यात आजही हे एकटंच आहे. १९७२ साली त्यांनी ते जगाला सांगितलं आणि नाव दिलं सलीम अलींचं. थोंगलोंग्या दोनच वर्षांत वारले.

तरी जिवंत वाघूळ कोणी पाहिलंच नव्हतं. जगात त्याचा पुरावा एवढाच, मुंबईतला एक नमुना. शेवटी १९९३ साली लोक पुन्हा त्या डोंगरांत गेले आणि ते सापडलं. पंचेचाळीस वर्षांनी.

चतुराची गोष्टही फार वेगळी नाही. ओहायोत दिसायचा तो हळूहळू दिसेनासा झाला. गेला, असंच धरून चालले होते. मग १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन आणि इलिनॉय राज्यांत पुन्हा मिळाला. इलिनॉयमध्ये सापडला तो कुठे? शिकागोजवळच्या डेस प्लेन्स नदीच्या खोऱ्यात. दगडाच्या खाणी, कारखाने, रेल्वे, मोठमोठे रस्ते यांच्या मधोमध. लाखो माणसं रोज ज्याच्या शेजारून कामावर जात होती, तो "नाहीसा झालेला" म्हणून नोंदला गेला होता. १९९५ साली तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आला. त्या यादीत टाचण्या आहेत, पण चतुर हा एकटाच.

दोघांच्याही बाबतीत एकच झालं. कोणीतरी "झालं, माहीत आहे" असं म्हणालं होतं, आणि नंतर कोणीतरी पुन्हा बघितलं.

पाचवा रकाना : कोणी काय केलं?

मुलाच्या घरापासून थोड्या अंतरावर एक पूल आहे. ३५५ नंबरचा महामार्ग २००७ साली दक्षिणेकडे वाढवला, तेव्हा डेस प्लेन्सचं खोरं ओलांडायला तो बांधला. जवळजवळ दोन किलोमीटर लांब. मी त्यावरून दहा वेळा गेले असेन. नदी, कालवा, रेल्वे सगळं पार खाली राहतं. तो इतका उंच आणि लांब करण्यामागे जी कारणं होती, त्यांत हा अडीच इंचाचा चतुरही होता. कारण चतुर गाड्यांवर आपटून मरतात. पूल उंच असला तर ते खालून जाऊ शकतात, आणि दलदलीत भराव घालावा लागत नाही.

हे ऐकून "बघा अमेरिका!" असं म्हणायची घाई करू नका. त्या रस्त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, कोर्टकज्जे झाले. यादीत नाव होतं, कायदा कडक होता, पैसे होते, आणि मुख्य म्हणजे लोक मागे लागले होते. आपोआप काही झालेलं नाही. आणि आजही त्या खोऱ्यात तो चतुर कमीच आहे. तिथली माणसं पिल्लं वाढवून पुन्हा ओहोळात सोडतात, इतकी नाजूक अवस्था आहे. पण रस्ता झाला आणि चतुरही आहे, एवढं मी डोळ्यांनी बघून आले. म्हणजे चतुर नाही बघितला, पूल बघितला.

वाघळाच्या बाबतीत आपण काय केलं? आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात सलीम अली वाघूळ पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. उत्तम. पण त्याच कायद्यात फळं खाणारी बाकीची सगळी वाघळं वर्षानुवर्षं पाचव्या परिशिष्टात होती, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, कावळा आणि उंदराच्या पंगतीला. त्यांना मारायला परवानगी लागत नसे. आता विचार करा, रात्रीच्या अंधारात, गुहेच्या तोंडाशी, जाळं लावणारा माणूस शेपूट बघणार की दात मोजणार? मुंबईच्या संग्रहात जाणकारांच्या हाताखाली जे ओळखू आलं नाही, ते जंगलातला गार्ड कंदिलाच्या उजेडात ओळखणार? एकाला वाघाचा मान आणि तसंच दिसणाऱ्या चुलतभावाला उंदराचा, असं केलं की दोघंही उंदराच्या भावानं जातात.

२०२२च्या दुरुस्तीत ती उपद्रवी यादी गेली. १ एप्रिल २०२३ पासून नवी परिशिष्टं लागू आहेत. उशिरा का होईना, बरं झालं.

शेवटचा प्रश्न

एकालाच वाचवण्यापुरते पैसे असतील, तर कोणाला?

नातवाचं आधी ठरलेलं होतं : चतुर. सुंदर आहे, शेजारी आहे. मग म्हणाला वाघूळ, कारण ते एकटं आहे, त्याच्या घराण्यात दुसरं कोणी नाही. मग पुन्हा चतुर, कारण त्याच्याकडे चारच आठवडे असतात. सून म्हणाली, काहीतरी एक लिही आणि झोप. मलाही ठरवता येईना. मी मनातल्या मनात वाघळाकडे झुकले होते, ते आपलं म्हणून. पण "आपलं" हे काही कारण नव्हे, हे मुलांना मीच आयुष्यभर शिकवलंय.

सकाळी उठून बघते तर कागद भरलेला. त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, मी मराठीत सांगते : "पैसे खरंच एवढेच आहेत का, हे मी आधी विचारेन. कारण दोघांना वेगवेगळ्या गोष्टी लागतात आणि त्यातल्या काही फुकट आहेत."

मी विचारलं, फुकट काय आहे रे? म्हणाला, "वाघळाला न मारणं फुकट आहे ना?"

आता आपल्या गावाचं

मी नोव्हेंबरात परत आले. आणि आता मे महिन्यात आपल्या नगरपालिकेच्या फलकावर कागद लागला आहे : स्टँड ते नाका रस्ता रुंद करणे, वडाची झाडे काढणे, शेजारचा ओढा पाइपमध्ये बंदिस्त करणे. हरकती आणि सूचना महिनाअखेरपर्यंत. सोबत एक अहवाल जोडला आहे. त्यात एक ओळ आहे : "प्रकल्पक्षेत्रात संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही."

ही ओळ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वडावर लटकणारी आपली मोठी वटवाघळं संकटग्रस्त नाहीत. सलीम अली वाघूळ तर इथे नाहीच. ओढ्यावरचे चतुर बहुधा सगळीकडे आढळतात तेच असतील. झाड वाचवायचं म्हणून दुर्मीळ प्राणी आहे अशी थाप मारायची नाही. एकदा थाप उघडी पडली की पुढच्या वेळी खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. पाहणी झाली मार्चमध्ये, दोन दिवस, सकाळी दहा ते पाच. मार्चमध्ये आपला ओढा कोरडा असतो. तेव्हा तिथे चतुर कसा दिसणार? कुठल्या डबक्यात, कुठल्या खेकड्याच्या बिळात काय तग धरून आहे, हे कोणी बघितलं? वाघळं दिवसा झोपलेली असतात. ती संध्याकाळी किती उठतात, कुठे जातात, कोणाच्या बागेत जातात, कोणाच्या जंगलात बिया टाकतात, हे दुपारी बारा वाजता कसं कळणार? "आढळली नाही" आणि "नाही" यांत फरक आहे. एक वाघूळ चुकीच्या चिठ्ठीखाली वीस-बावीस वर्षं मुंबईत पडून राहू शकतं, तर आपल्या ओढ्याचं काय घेऊन बसलात.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. नाक्यावर गेल्या वर्षी झालेला अपघात आपण सगळ्यांनी पाहिलाय. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर उभं राहून "वाघळं महत्त्वाची" म्हणायची माझी हिंमत नाही, आणि इच्छाही नाही. माझे शेजारी भाऊ चिकूचे बागायतदार आहेत. वाघळं त्यांचं नुकसान करतात हेही खरं आहे. झाडांना जाळी घातली तर बरंच वाचतं, पण जाळीचा खर्च त्यांनीच का सोसायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आणि रोगाची भीती तर आहेच. २०१८ला केरळात निपाह झाला, मग कोरोना आला. २०२०त याच वडाखाली कोणीतरी फटाके लावले होते, आठवतंय? निपाहच्या खुणा महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडल्या होत्या, हे मी लपवणार नाही. पण त्यावरचा उपाय साधा आहे : वाघळाला हात लावायचा नाही, त्यानं कुरतडलेलं फळ खायचं नाही, आणि त्याला उगाच डिवचायचं नाही. फटाके लावून ती मरत नाहीत, चौफेर पांगतात. कोणाच्या गच्चीवर, कोणाच्या आंब्यावर. ते जास्त वाईट.

मी एवढंच म्हणते, "रस्ता की वड" हा प्रश्न ज्यानं लिहिला, त्याला माझ्या नातवाचा प्रश्न आधी विचारा. खरंच दोनच पर्याय आहेत का? रस्ता पाच फूट पलीकडच्या बाजूला, त्या बंद पडलेल्या गोदामाकडे सरकतो का? ओढा पाइपमध्ये घालण्याऐवजी वरून छोटा पूल होतो का? कोणी नकाशावर मोजून बघितलंय? बघितलं असेल आणि जमत नसेल, तर तसं लेखी सांगा, मी गप्प बसेन. जुन्या झाडांना २०२१पासून आपल्या राज्यात कायद्यानं वेगळा दर्जा आहे. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. ते कापलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अशीही तरतूद आहे. रोपं जरूर लावा. पण आज संध्याकाळी उडालेली वाघळं उद्या पहाटे रोपाला कशी लटकणार?

लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून मी पुष्कळ उडवलेत. वडाखाली जाऊन वाघळांना दगडही मारलेत. तेव्हा वाटायचं, एवढे आहेत, एक गेला तर काय. त्या हिशेबात काय चुकतं, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर दहा वर्षांच्या मुलाबरोबर तक्ता भरताना नीट कळलं. एक गेला तर खरंच काही होत नसेल. पण ओढा गेला तर चतुराच्या सगळ्या पिढ्या एकदम जातात. आणि वड गेला तर वाघळांच्या आया जातात, ज्या वर्षाला एकच पिल्लू देतात.

तुमच्यासाठी काम

एक. हरकतीचा नमुना मी लिहून ठेवलाय. त्यात तीनच मागण्या आहेत : पाहणी पावसाळ्यात पुन्हा करा, संध्याकाळचीही करा, आणि रस्ता सरकवण्याचा पर्याय मोजून त्याचं उत्तर लेखी द्या. वाचनालयात प्रती ठेवल्या आहेत. पटलं तर सही करा. पटलं नाही तर तुमची वेगळी हरकत द्या, रस्त्याच्या बाजूनं असली तरी द्या. कागद गेला पाहिजे.

दोन. येत्या रविवारी संध्याकाळी सव्वासातला वडाखाली जमू. वाघळं मोजायची आहेत. चार गट करू, चारी दिशांना एकेक. माझे जुने विद्यार्थी येणार आहेत, चिकूवाले भाऊही येतो म्हणालेत. ते म्हणतात, "मॅडम, हजार असतील." माझा अंदाज तीनशेचा. बघू कोण जिंकतं. टॉर्च मारायचा नाही, आरडाओरडा नाही, लहान मुलांना जरूर आणा.

आणि हो, येताना छत्री आणा. पाऊस नसला तरी. वाघळांच्या खाली उभं राहायचं आहे.